डाव्या मडगार्डचा पोचा

गाडी मी घरामागच्या मोकळ्या जागेत नेली आणि तोंड भिंतीकडे करून उभी केली. एरवी ती कायम रस्त्याकडे तोंड करून असायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. सायकलवर पोती लादून सुरुवात केलेल्या माणसाला तेवढी हौस असते. पण त्या सकाळी लोणखेड्याचा तो रस्ता मला नको झाला. कॉलेजची पोरं, दूधवाले, शहाद्याला निघालेले शेजारी, प्रत्येक जण जाता जाता दुसऱ्याच्या गाडीकडे बघतोच.

पोचे दोन होते, दोन्ही पुढच्या डाव्या कोपऱ्यात. एक बंपरवर, ताटलीएवढा. दुसरा त्याच्या वर मडगार्डच्या पत्र्यावर, तळहाताएवढा, मधोमध घडी पडलेला. पांढऱ्या रंगावर दोन्ही लांबून दिसत होते.

शहाद्यात पोचे काढणारा एक मिस्त्री आहे. हात चांगला आहे त्याचा. पण कोणताही मिस्त्री आधी एकच प्रश्न विचारतो, "शेठ, कोठे ठोकी?" आणि उत्तर दुपारपर्यंत साऱ्या बाजाराला माहीत होतं. त्यातून माझी गाडी विसरणं त्याला शक्य नव्हतं. प्रत्येक कामाच्या वेळी मी त्याच्याशी तासतासभर भांडलो होतो. घासाघीस करणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो. मला तोवर हा फायदाच वाटत आला होता.

म्हणून मी फोनवर घरच्या घरी पोचे काढायचे व्हिडिओ बघितले. आवाज बंद करून बघितले.

आदल्या संध्याकाळी काय झालं ते सांगतो. मी डोंगरातलं आमचूर, चारोळी, मोहफूल घेऊन खाली विकतो. त्या दिवशी धडगावला गेलो होतो. तिथल्या एका माणसाशी हंगामाचं सगळं आमचूर घ्यायचं तोंडी ठरलं होतं. गेलो तर कळलं की माझ्या जुन्या भागीदाराने आदल्या दिवशी येऊन सौदा उचलला. याला धंदा मी शिकवला. चारोळी हातात घेऊन ओल कशी ओळखायची, तेसुद्धा मीच. चार वर्षं माझ्या ताटात जेवला, माझीच गिऱ्हाइकं घेऊन वेगळा झाला, आणि आता हे. घाट उतरताना मी एकटाच गाडीत त्याला शिव्या देत होतो. हे सांगतो ते सबब म्हणून नाही. पण त्या रागाशिवाय ती संध्याकाळ सांगताच येत नाही, आणि तो राग माझा अजून गेलेला नाही.

होळी पेटून एक दिवस झाला होता. या दिवसांत डोंगरातली माणसं रस्त्यावर दोरी आडवी धरतात आणि गाडीवाल्याकडे फाग मागतात, म्हणजे होळीची देणगी. गाडी थांबते, थोडी चेष्टामस्करी होते, काहीतरी दिलं की दोरी खाली पडते. पहिल्या दोरीला मी घासाघीस करून दिलं. दुसऱ्या दोरीला कमी दिलं आणि वर चार शब्द ऐकवले. तिसरी दोरी एका वळणाच्या पुढे होती. सूर्य समोर होता. ढोल वाजत होता, आठ-दहा जण नाचत होते. मला पक्कं ठाऊक होतं की गाडी थांबत नाही असं दिसलं की माणसं दोरी सोडून देतात. इतक्या वर्षांत प्रत्येक वेळी सोडली होती. मी हॉर्न दाबून धरला आणि गाडी तशीच नेली.

दोरी बोनेटला लागलेली दिसली. मग डावीकडून आवाज आला. धप्. भरलेलं पोतं ओट्यावर टाकावं तसा.

आरशात बघितलं. धूळ होती, उन्हाची तिरीप होती, आणि माणसं एका जागी वाकलेली होती. रस्त्यात मोरपिसांचा टोप पडला होता. ढोल थांबला होता. मी थांबलो नाही.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावलं होतं की टोप वाऱ्याने पडला आणि धप् झालं ते बकरं होतं, किंवा रागाने कुणीतरी मारलेला धोंडा. सौद्यात समोरच्याला काहीही पटवून द्यायची सवय होती. स्वतःला पटवायला घाटाखालचं पहिलं गाव येईपर्यंतचा वेळ पुरला.

सकाळी बायकोने मला मोठं पातेलं गॅसवर चढवताना बघितलं.

"ओ, सकाय सकाय इतलं गरम पानी कसाले? गाडीले आंघोळ घाली ऱ्हायनात का?"

"घाटमा दगड उडना. बंपर दबना."

ती पदराला हात पुसत मागच्या दारात येऊन उभी राहिली.

प्लास्टिकचं काम पत्र्यापेक्षा सोपं असतं. उकळतं पाणी पोच्यावर ओतायचं, प्लास्टिक मऊ पडतं, मग मागून हाताने दाबायचं. पहिल्या पातेल्याला काही झालं नाही. दुसऱ्या पातेल्यानंतर मी आडवा पडून चाकाच्या वरच्या पोकळीतून हात घातला, आतली धूळ आणि वाळलेला चिखल खरवडत बंपरच्या मागे पोचलो. तळवा भाजत होता. बाहेरून मोरी तुंबल्यावर लावतो तो रबरी पंप चिकटवून दुसऱ्या हाताने ओढला. तिसरं पातेलं बायकोने ओतलं. तेव्हा प्लास्टिक एकदम टप् करून बाहेर आलं, इतकं सरळ की मला हसू फुटलं.

त्याच क्षणी काहीतरी खाली पडलं. बंपर आणि मडगार्ड यांच्या सांध्यात चेपून बसलं होतं, बंपर सरळ झाल्यावर सुटलं. फरशीवर पडून, वाजत, गरम पाण्याच्या ओघळातून घरंगळत ते बायकोच्या पायापाशी थांबलं.

पितळी घुंगरू होतं. त्याच्या कडीत काळ्या दोऱ्याचा तुकडा अडकला होता.

तिने ते उचललं. आधी घुंगराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दगडले घुंगरू बांधेल ऱ्हातस का?"

मी आडवाच होतो.

"कोनले लागनं?"

"माले मालूम नही."

"थांबनात नही तुम्ही?"

होळीला कमरेला घुंगरांचा आणि सुक्या भोपळ्यांचा पट्टा बांधून, अंगावर राखेचे ठिपके काढून, मोरपिसांचा टोप घालून नाचतात, त्यांना तिकडे बुध्या म्हणतात. हे तिलाही माहीत होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मीच तिला काठी गावची होळी दाखवायला नेलं होतं.

त्या घटकेपासून भीती सुरू झाली, आणि ती मला वाटत होती तशी नव्हती. मला वाटायचं भीती म्हणजे छाती धडधडणं. माझं तसं काही झालं नाही. माझे कान मोठे झाले. रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारसायकलचा आवाज मी ती वळेपर्यंत ऐकायचो. जीपचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. पेपर आला की उभ्याउभ्याच अपघातांचं पान बघायचो. काही नव्हतं. पण डोंगरातली बातमी खाली यायला दोन दिवस लागतात हे आम्हा धंदेवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. आज काही नाही, याचा अर्थ उद्या असेल एवढाच मी काढत होतो. जेवताना समोरच्या भिंतीवर मला तो वाकलेल्या माणसांचा गोल दिसायचा. मधे कोण होतं ते दिसायचं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी मी पत्रा काढायला घेतला. भ्यायलेला माणूस हातांना काम शोधतो. बायकोचं केस वाळवायचं यंत्र घेतलं, पोचा तापवला, मग फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून त्यावर धरला. तापून गार पडला की पत्रा आपोआप उसळतो असं व्हिडिओत होतं. आमचा उसळला नाही. नुसता खोलगट पोचा असता तर कदाचित आला असता. मधे घडी पडलेला पत्रा असा येत नाही, हे मला नंतर मिस्त्रीने सांगितलं. मग मी आतून लाकडाचा ठोकळा लावून धुण्याच्या मोगरीने ठोकायला लागलो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून ठोकळ्याला गोधडीचं फडकं गुंडाळलं होतं. आठ-दहा ठोके झाले आणि बाहेरून रंगाची खपली उडाली. पोच्याच्या मधोमध आता फोडासारखं टोक वर आलं होतं आणि भोवती उघडा पत्रा.

आधी तो नुसता पोचा होता. घाटात दगड लागला म्हटलं असतं तर खपलं असतं. आता आंधळ्यालाही कळलं असतं की हा पोचा कुणीतरी लपवायला बघितला आहे.

बायको दारातूनच म्हणाली, "आनखी ठोका. आनखी दखाई जाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी भागीदाराचा फोन आला. वर्षभरात पहिल्यांदा.

"काय रे भो, दोन दिन व्हयनात, तुन्ही गाडी नजरमा नही उनी."

"काम नही व्हतं."

"वरला दोन जण बाजारमा फिरी ऱ्हायनात. पांढरी गाडीना आमचूरवाला शेठ कोठे ऱ्हास, इचारी ऱ्हायनात." मग म्हणाला, "तुन्हं घर दखाडू का?"

त्याच्या आवाजात हसू होतं. एरवी मी फोनवरच त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. माझ्या तोंडातून "नको" एवढंच आलं, आणि ते इतकं हळू आलं की त्याचं हसू थांबलं. "काय व्हयनं रे?" त्याने खऱ्या आवाजात विचारलं. मी फोन ठेवला.

माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते लिहायला लाज वाटते. गाडीवर ताडपत्री टाकून सासुरवाडीला निघून जायचं, होळीची गर्दी ओसरू द्यायची, असा हिशेब चालला होता. तेवढ्यात फोनवरचं ऐकलेली बायको आतून आली ती पायात चपला घालून. घुंगरू रुमालात बांधून तिने कमरेला खोचलं होतं.

"चला."

"कोठे?"

"जठे ठोकी तठे. त्या लोक घर शोधत येतीन तवय मी काय सांगू, दगड उडना?"

"एकदम गया तं मारतीन ते."

"मंग मी येस ना संगे."

घाट चढताना मनात एकच गोष्ट: तिथे गेल्यावर माणूस असेल की नुसती जागा असेल. प्रत्येक वळणावर वाटायचं गाडी वळवावी. तिसऱ्या दोरीच्या जागी आलो तर रस्ता मोकळा होता. झाडाच्या बुंध्याला दोरी गुंडाळून ठेवली होती.

गाडी ओळखायला त्यांना काही क्षण पुरले. पाड्यातून पंधरा-वीस माणसं आली आणि गाडीभोवती उभी राहिली. एकाने मडगार्डवरच्या उघड्या पत्र्यावर बोट फिरवलं आणि दुसऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. मी दार उघडू शकलो नाही. बायको आपल्या बाजूने उतरली. तिने रुमाल सोडला, घुंगरू हातावर धरलं आणि विचारलं, "हाई घुंगरू कोनं शे? तो बरा शे का?"

ते वाट सोडून बाजूला झाले.

एका घराच्या कुडाला टेकून तो उभा होता. माझ्याच वयाचा. राखेचे ठिपके घामाने ओघळलेले, टोप जवळ खुंटीला अडकवलेला. उजव्या पायावर सगळा भार होता. डावी मांडी सुजून दुप्पट झाली होती, काळीनिळी. पण उभा होता. मी जिवंत माणूस बघितला आणि तेव्हा कुठे दार उघडून खाली उतरलो.

बायकोने घुंगरू दिलं. त्याने माझ्याकडे बघायच्या आधी कमरेच्या पट्ट्यावर रिकामी जागा शोधली आणि ते तिथे बांधलं.

पाड्याचे प्रमुख, म्हातारे कारभारी, माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोंगरात सगळ्यांना तूच म्हणतात, त्यात मान-अपमान नसतो.

"तू थांबला का नाही?"

"मला वाटलं दोरी सोडाल. सगळे सोडतात."

"याने कमरेला गुंडाळली होती. दोन्ही हातांत टिपऱ्या. सोडणार कशी?"

मग एका बाईने फोन पुढे केला. नाचाचा व्हिडिओ होता. नाचणाऱ्यांच्या मागून हॉर्न ऐकू येतो, पांढरी गाडी येते, दोरी ताणते, आणि तो माणूस ओढला जाऊन गाडीच्या कोपऱ्यावर आपटतो. नंबर स्पष्ट दिसत होता. मी घरामागे पाणी उकळत होतो, बर्फ लावत होतो, गोधडीत गुंडाळून मोगरी मारत होतो, तेव्हा माझी गाडी या पाड्यातल्या पाच-सहा फोनांमध्ये होती.

"होळी संपली की ठाण्यात जाणार होतो," कारभारी म्हणाले. "सणात कचेरी नको म्हणून थांबलो. दोघांना तुझं घर बघायला पाठवलं होतं."

मी म्हणालो, "याला आत्ताच दवाखान्यात नेतो. गाडी उभी आहे."

"नाही. व्रत आहे. बुध्या खाटेवर बसत नाही, झोपत नाही. दवाखान्यात खाटेवर टाकतात. दोन दिवसांनी व्रत सुटेल, मग ने."

"पाय गेला तर? आत रक्त साकळलं असलं तर? आज चला. मी डॉक्टरांना सांगतो, खाली चादर टाकून तपासतील."

"दोन दिवस."

"उद्या सकाळी. उजाडताच येतो."

"दोन दिवस."

मी सगळ्या युक्त्या लावल्या. चिडलो, हात जोडले, निघून जातो असंही दाखवलं. तो कुडाला टेकलेला माणूस शेवटी स्वतः म्हणाला, "शेठ, पाय माझा आहे." मग कारभाऱ्यांनी अट सांगितली: दवाखाना माझा, आणि तो उठून कामाला लागेपर्यंत त्याच्या घरचं धान्य माझं. ठाण्याचं पाय बघून ठरवू. मी मान हलवली.

ते दोन दिवस पहिल्या तीन दिवसांपेक्षा वाईट होते. आधी मला माझी भीती होती, आता त्याची. पहिली भीती ताडपत्रीखाली झाकता आली असती. ती काळीनिळी मांडी डोळ्यांसमोरून हलेना. हात धुताना, वजन करताना, कुणाशी बोलताना मी मनात तास मोजत होतो. रात्री बायको जागीच असायची, पण आम्ही एकमेकांना जागे आहोत असं कळू दिलं नाही.

दोन दिवसांनी भल्या सकाळी वर गेलो. तो खाटेवर बसलेला होता, आंघोळ केलेला, ठिपके धुतलेले. खाटेवर बसलेला बघून मला आधी धस्सच झालं, मग आठवलं की व्रत सुटलं. चौघांनी त्याला उचलून माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं. वाटभर तो खिडकीतून हात बाहेर टाकून बसला होता. एकदा वळणावर विचारलं, "ठोकून सरळ करत होता काय?" मी हो म्हटलं. "येडाच आहेस," तो म्हणाला आणि दुखत असतानाही हसला. मला हसता आलं नाही.

शहाद्याला फोटो काढला. हाडाला लांब तडा होता. डॉक्टर म्हणाले, अजून चालत राहिला असता तर हाड सरकलं असतं. प्लास्टर झालं. दोन महिन्यांनी तो काठी घेऊन चालायला लागला. ठाण्यात ते गेले नाहीत. पुढच्या होळीला तो नाचला नाही, ढोलापाशी बसला होता. अजूनही डावा पाय टाकताना जरा अडखळतो. धान्य मी अट संपल्यावरही एक हंगाम नेऊन दिलं. त्याने घेतलं, आणि त्या हंगामाचं त्याच्या घरचं आमचूर माझ्या भागीदाराला विकलं. भाव बरा मिळाला म्हणाला.

आता घाटात कुठे रस्त्यावर पताकांची दोरीसुद्धा आडवी दिसली की माझा पाय ब्रेकवर जातो. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात.

पोचा मात्र राहिला होता. पावसाळ्याआधी पत्रा गंजायला लागला तेव्हा शेवटी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने विचारलं, "कोठे ठोकी?" मी म्हटलं, "घाटमा. मानूसले." त्याने वर बघितलं आणि भाव सांगितला. सवयीने मी तो अर्ध्यावर आणला. त्याने आत हात घालून ठोकळा लावला, बाहेरून हातोडा घेतला आणि पहिला घाव घातला.

धप्.

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो.

"आते काय व्हयनं शेठ? भाव तं ठरना ना?"

मी ठरलेलं सगळं त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, नुसता रंग मार, गंज चढू नये एवढा. ठोकू नको. पोच्यावर पांढरा रंग चढला. गाडी घरी आणून मी पुन्हा रस्त्याकडे तोंड करून लावली.